निवृत्त फौजी गेल्यावर: तिरंगा, मृत्यूचा दाखला आणि आईची पेन्शन

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, वय 71. गेल्या आठवड्यात घरीच गेले. ताईंचे प्रश्न त्यांच्याच क्रमाने असे: लष्कराकडून अंत्यविधीसाठी काही मिळतं का, आणि सलामी द्यायला कुणी का आलं नाही? भावाने दुकानातून तिरंगा आणला होता, तो पार्थिवावर घालू दिला नाही म्हणून घरात वाद झाला, त्यात बरोबर कोण? पेन्शन अजून खात्यात येतेय, तर वर्षश्राद्धापर्यंत कळवलं नाही तर चालेल का? आईचं नाव पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, एक आणि आधारवर दुसरं आहे. आणि धाकटा भाऊ जन्मापासून बौद्धिक दिव्यांग आहे, आईच्या मागे त्याचं काय?

ताई, आधी तुमच्या दुःखात सहभागी आहे. मी फौजेत क्लर्क होतो, सुभेदार म्हणून घरी आलो, आणि तेव्हापासून आपल्या भागातल्या माजी सैनिकांच्या घरचे हेच कागद बघतोय. तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पण तुमच्या मनात आत्ता तिरंग्याचा वाद सलत असणार, म्हणून तिथूनच सुरू करतो.

सेवेत असलेला जवान गेला की सगळं पलटण बघते. पार्थिव घरापर्यंत पोचवणं, सलामी, पुष्पचक्र, शेवटी घडी घालून घरच्यांच्या हातात दिलेला तिरंगा, यातलं काहीही कुटुंबाला मागावं लागत नाही. निवृत्त माणसाच्या बाबतीत आपोआप कुणी येत नाही, कारण तो गेल्याचं पलटणीला कळतच नाही. शौर्यपदक मिळालेल्यांना सैनिकी इतमामात निरोप देण्याची पद्धत आहे, पण तिथंही कुणीतरी कळवावं लागतं. इतरांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला किंवा जवळच्या स्टेशन हेडक्वार्टरला, म्हणजे लष्कराच्या स्थानिक मुख्यालयाला, लगेच फोन केला, तर अंतर आणि उपलब्ध माणसं बघून एखादा प्रतिनिधी पुष्पचक्र घेऊन येऊ शकतो. येईलच असं मी म्हणणार नाही. गावातली किंवा तालुक्यातली माजी सैनिक संघटना मात्र बहुतेक वेळा येते. छातीवर पदकं लावून, एका रांगेत उभी राहून ती माणसं जो सॅल्यूट करतात, तो मला कुठल्याही सरकारी मानवंदनेपेक्षा कमी वाटलेला नाही.

मागे एका वाडीत आम्ही अकरा जण गेलो होतो. गेलेल्या नाईक साहेबांची हिरवी टोपी आणि पदकं त्यांच्या नातवाने स्टीलच्या ताटात, धुतलेल्या पांढऱ्या रुमालावर मांडून तिरडीपुढे धरली होती. अग्नी देण्याआधी सगळ्यांनी मिळून ‘बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हटलं. पलटणीचा तो जयघोष ऐकून त्यांची म्हातारी पहिल्यांदा रडली. तोवर ती नुसती बसून होती. असा निरोप कुणीही देऊ शकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तिरंग्याचं तसं नाही. ज्यांनी तुमच्या भावाला थांबवलं ते बरोबर होते. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा 1971 चा कायदा सांगतो, की शासकीय, सशस्त्र दलांचा किंवा निमलष्करी दलांचा अंत्यविधी सोडला तर राष्ट्रध्वज कशावरही पांघरणं हा अवमान आहे, आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वजसंहितेतही खासगी अंत्यविधीत ध्वज वापरायला मनाई आहे. आयुष्यभर तिरंग्यासाठी उभा राहिलेला माणूस खासगी अंत्ययात्रेत त्या ध्वजाखाली नसावा, हे ऐकायला कठोर वाटतं, मला कळतं. पण ध्वज पांघरायचा तर तो राष्ट्राने पांघरायचा असतो, घरच्यांनी नाही. आणि सैनिकी अंत्यविधीतही केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात, अग्नी देण्याआधी किंवा दफनाआधी ध्वज काढून घेतात. तो जळता कामा नये, मातीत जाता कामा नये. भावाला समजावून सांगा. त्याची भावना चुकीची नव्हती. आणलेला ध्वज घरात नीट ठेवा, 26 जानेवारीला दारात लावा.

अंत्यविधीच्या खर्चाचं थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर अमेरिकेतल्या लष्करी दफनाचे व्हिडिओ फिरतात आणि लोक मला विचारतात, आपल्याला का नाही. तिथं सन्मानाने सेवा संपवलेल्या सैनिकाला राष्ट्रीय दफनभूमीत जागा, नावाची शिळा आणि ध्वज कायद्याने मिळतो, पत्नीलाही त्याच जागेत पुरता येतं. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. पेन्शन घेणाऱ्या माजी सैनिकाच्या अंत्यविधीचा खर्च सरकार उचलत नाही. घरची परिस्थिती खरोखर ओढग्रस्तीची असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदतीसाठी अर्ज करता येतो. तेवढ्यासाठी लाकडाची, रुग्णवाहिकेची पावती जपून ठेवा. पण तुमच्या घरात पेन्शन आहे, तेव्हा आता सगळा जोर पेन्शनवर लावा. आपल्या व्यवस्थेत फौजीच्या मागे राहणाऱ्यांचा खरा आधार तीच आहे.

त्यासाठी पहिला कागद मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, तुमच्या हातात अजून जवळजवळ दोन आठवडे आहेत. महिना उलटला तर वरची परवानगी लागते, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. ग्रामपंचायतीत जाताना वडिलांचा पीपीओ आणि आधार दोन्ही बरोबर न्या आणि दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. गावात माणसाला ‘आबा’, ‘रावसाहेब’ म्हणून ओळखतात, आणि नोंद करणारा कधी कधी तेच लिहितो. फौजेत नाव लागलेलं असतं वेगळ्याच पद्धतीने, कधी आडनाव पुढे, कधी वडिलांचं नाव नाहीच. दाखला हातात घेऊन उंबऱ्याबाहेर पडण्याआधी वाचा. आठ-दहा प्रती काढून ठेवा.

आता पेन्शन खात्यात येतेय त्याविषयी. ताई, हे दिवसकार्यापलीकडे एक दिवसही लांबवू नका. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतची देय असते, तो दिवस धरून. दुसऱ्या दिवसापासून आईची कुटुंब पेन्शन सुरू होते. त्यानंतर वडिलांच्या नावाने जो रुपया येतो तो तुमचा नाही, आणि सरकार तो परत घेतं. मी एका घरात हे बघितलंय. मुलगा एटीएमने बापाची पेन्शन जवळजवळ वर्षभर काढत राहिला. वाईट हेतू नव्हता, घरात बहिणीचं लग्न होतं आणि त्याला वाटलं, आईला मिळायचीच आहे तर काय फरक पडतो. फरक असा पडला की कुटुंब पेन्शन वडिलांच्या पेन्शनपेक्षा कमी असते, जादा गेलेली रक्कम थकबाकी म्हणून निघाली आणि ती आईच्या पेन्शनमधून दरमहा कापली गेली. म्हातारीला औषधाला पैसे पुरेनात. वर्षश्राद्ध होऊ द्या म्हणून थांबणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

कळवायचं कुठं? आता बहुतेक फौजी पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून, प्रयागराजच्या रक्षा लेखा कार्यालयामार्फत दिली जाते. तिथं निधनाची नोंद करून मृत्यूचा दाखला आणि आईची कागदपत्रं चढवावी लागतात. घरी कुणाला जमत नसेल तर स्पर्श सेवा केंद्र, नागरी सुविधा केंद्र किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे करून देतं. बँकेलाही स्वतंत्र अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याच बरोबर बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, स्पीड पोस्टाने पत्र आणि दाखल्याची प्रत पाठवा. (हे वाचणाऱ्या इतरांसाठी: रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे बदलतं. तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनियर ग्रुपचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला.) पत्रावर आर्मी नंबर, रँक, नाव आणि पीपीओ नंबर ठळक लिहा. आर्मी नंबर नसलेलं पत्र तिथं कुणाच्या टेबलावर जायचं हेच ठरत नाही.

आई-वडिलांचं जॉइंट खातं असेल तर तेच चालू राहू शकतं, नवीन खातं उघडायला लावत असतील तर नम्रपणे विचारा का. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला आता आईच्या नावाने, आईच्या पेन्शनसाठी द्यायचा. आणि फोनवर कुणी ‘स्पर्शमधून बोलतोय’ म्हणून ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या. अशी फसवणूक नेमकी याच दिवसांत होते. या कामासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत, एजंटलाही नाही.

किती मिळेल? साधी कुटुंब पेन्शन शेवटच्या हिशेबी वेतनाच्या 30 टक्के असते, किमान 9000 रुपये, वर महागाई भत्ता. निवृत्तीनंतर जवान लवकर गेला तर सुरुवातीला 50 टक्के मिळते, सात वर्षं किंवा तो 67 वर्षांचा झाला असता तोवर, जे आधी येईल ते. तुमचे वडील 71 चे, म्हणजे आईला 30 टक्क्यांचाच दर लागेल. ढोबळ अंदाज असा: वडिलांची मूळ पेन्शन, विक्री (पेन्शनचा काही भाग सोडून आधीच घेतलेली एकरकमी रक्कम) वजा करण्याआधीची, 25,000 असेल तर आईची मूळ पेन्शन साधारण 15,000 च्या आसपास. नेमका आकडा रँक, ग्रुप आणि सेवेच्या वर्षांवरून ‘समान पद समान पेन्शन’च्या तक्त्यात ठरतो. वडिलांनी पेन्शनचा काही भाग विकला होता म्हणून आईची पेन्शन कमी होत नाही. ती विक्री त्यांच्याबरोबर संपली.

एक गोष्ट मुद्दाम विचारतो: वडिलांना अपंगत्वाची पेन्शन होती का? असेल तर तो भाग त्यांच्याबरोबर थांबतो. घरचे एकदम रक्कम कमी झालेली बघून घाबरतात, ते बहुधा यामुळे. पण ज्या आजारासाठी ती मिळत होती, त्याच आजाराने ते गेले असतील, तर विशेष कुटुंब पेन्शनचा, म्हणजे 60 टक्क्यांचा दावा करता येतो. तो टिकतो वैद्यकीय कागदावर. ते घरी गेले, म्हणजे मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला कदाचित घेतलाच नसेल. शेवटचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तो आणि जुनी केस पेपरं आजच मिळवा. सहा महिन्यांनी डॉक्टरांना आठवत नाही आणि फाइल सापडत नाही.

आता नावाचा प्रश्न. पेन्शनची बहुतेक प्रकरणं अडकतात ती इथंच. जवानाचं लग्न झालं की पलटणीत ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाचा नोंदीचा आदेश निघतो, मुलं झाली की त्यांचाही निघतो. तीच रेकॉर्डमधली नोंद. नवरा पंजाबात किंवा आसामात, लग्न गावाकडे सुट्टीत झालेलं, रजेवरून परतल्यावर त्याने तोंडी सांगितलेलं नाव क्लर्कने हिंदीत ऐकलं आणि इंग्रजीत लिहिलं. मी स्वतः त्या टेबलावर बसलोय, मला ठाऊक आहे हे कसं होतं. पार्वतीची पारूबाई होते, माहेरचं नाव राहून जातं, जन्मतारीख अंदाजे 1 जून पडते. नवरा जिवंत असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही, आणि तो गेला की त्या एका ओळीवर बाईचं म्हातारपण अडतं.

तुम्ही वडिलांची डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना फौजेने दिलेली पुस्तिका, शोधा. पत्र्याच्या काळ्या ट्रंकेत, नाही तर देव्हाऱ्याच्या फळीवर पिशवीत असते. तिच्यात कुटुंबाची नोंद आहे. ती नोंद, पीपीओ आणि आधार, तीन कागद शेजारी मांडा आणि फरक कुठं आहे ते ठरवा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ जुळत असतील, आधारच वेगळं असेल, तर आधार दुरुस्त करणं सोपं. पीपीओतच चूक असेल तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा किंवा शाळेचा काही पुरावा आणि आईचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांमार्फत रेकॉर्ड ऑफिसला जातो, मग सुधारित पीपीओ निघतो. दोन्हीकडे एकाच वेळी बदल करायला जाऊ नका. लोक घाईत आधार पीपीओसारखं करतात आणि त्याच महिन्यात पीपीओ आधारसारखा करायला पाठवतात, मग दोन्ही पुन्हा वेगळी होतात.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. आईचं ‘माजी सैनिक विधवा’ ओळखपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून काढा, पुढे सगळीकडे तेच लागतं. ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, उपचार आणि कॅन्टीनचं कार्ड आईला मिळत राहतं, फक्त वडिलांचं कार्ड परत करून तिच्या नावाचं घ्यायचं. राज्य सरकारची माजी सैनिकांसाठीची घरपट्टी माफी विधवांनाही आहे. वडील निवृत्त होताना आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा वाढीव विमा एकरकमी हप्ता कापून दिलेला असतो. त्याची मुदत ठरावीक वर्षांची आणि वय 75 पर्यंतची, त्यामुळे तुमच्या वडिलांची मुदत चालू होती का, हे दिल्लीच्या कार्यालयाला पत्र लिहून विचारा. विधवांना हा विमा माहीतच नसतो. अपघाताने मृत्यू झाला असता तर बँकेच्या संरक्षण पॅकेजमधला अपघात विमाही बघायला सांगितला असता. तो दावा फार दिवस थांबत नाही, हे इतर वाचकांनी लक्षात ठेवावं.

ज्यांच्या घरातला फौजी 15 वर्षं पुरी न करता परत आला आणि पेन्शनच नाही, त्यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं निर्वाह अनुदान आहे. हवालदारापर्यंतच्या पदाचा, पेन्शन नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा, वय 65 च्या पुढे. नोव्हेंबर 2025 पासून ते महिना 4000 वरून 8000 रुपये झालंय. आपल्या डोंगरी वाड्यांत अशा म्हाताऱ्या आहेत ज्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. ओळखीत कुणी असेल तर त्यांना जिल्हा कार्यालयात घेऊन जा.

आता तुमच्या धाकट्या भावाचं. सर्वसाधारणपणे मुलाला 25 व्या वर्षापर्यंतच कुटुंब पेन्शन असते. पण ज्याला अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरता येत नाही, त्याला ती आईच्या मागे आयुष्यभर मिळू शकते. तुम्ही लिहिलंय की वडिलांनी त्याच्याबद्दल रेकॉर्डला कधी कळवलंच नाही. पुष्कळ बाप कळवत नाहीत. पोराचं ‘तसं’ असणं सरकारी कागदावर लिहायला हात उचलत नाही. पण आता आई आहे तोवर हे काम झालं पाहिजे, कारण अर्ज ती करू शकते. तिच्या मागे तुम्ही करायला गेलात तर दरवेळी सिद्ध करत बसावं लागेल, की हा मुलगा त्यांचाच आणि अपंगत्व आधीपासूनचंच.

आधी डिस्चार्ज बुकमध्ये त्याच्या जन्माची नोंद आहे का बघा. असेल तर अर्धं काम झालं. मग जिल्हा शासकीय रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड काढा. त्याच्या नावाने आधार आणि बँक खातं उघडा. ते हाती आलं की आईच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, की तिच्या पश्चात कुटुंब पेन्शनसाठी याचं नाव पीपीओत घ्यावं. तो 18 च्या पुढचा आहे आणि व्यवहार स्वतः करू शकत नाही, म्हणून कायदेशीर पालकही ठरवून घ्या. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. आईच्या हयातीत तुम्हीच पालक म्हणून नाव दिलंत तर बरं, पण भावाला आणि वहिनीला बसवून, त्यांच्यासमोर ठरवा. नंतर पैशावरून शब्द वाढतात आणि त्यात त्या बिचाऱ्याची आबाळ होते.

दिवसकार्य झालं की लगेच सुरुवात करा. पहिल्या दिवशी ग्रामपंचायत आणि बँक, दुसऱ्या दिवशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. आईला बरोबर न्या, तिचा अंगठा किंवा सही लागेल. आणि धाकट्यालाही न्या. तिथले कर्मचारी त्याला डोळ्यांनी बघतील, तर त्याच्या फाइलचं काम त्यांच्या लक्षात राहील.